आरोग्य-विवेक : लाल गोळीचा टंच

खामगावच्या चांदी बाजारात टंच विचारल्याशिवाय दागिना कोणी घेत नाही. बाजार समितीच्या आवारात सोयाबीनचा ओलावा पाहिल्याशिवाय भाव ठरत नाही, आणि कापसाचा उतारा किती पडेल याचा अंदाज घेतल्याशिवाय जिनिंगवाला गाडी रिकामी करू देत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील व्यापारी घरांना ही पारख पिढीजात मिळालेली आहे. मात्र हीच पारख औषधाच्या दुकानातून किंवा मोबाइलवरून मागवलेल्या गोळीच्या बाबतीत पुष्कळदा बाजूला पडते. मुंबई-पुण्याचे किंवा परदेशातले नातलग एखादी बाटली पाठवतात, ‘तारुण्य टिकते, डोळे सुधारतात, गुडघे मोकळे होतात’ असे सांगतात, आणि ती बाटली वडीलधाऱ्यांच्या चहाच्या कपाशेजारी जागा मिळवते. आत काय आहे, किती आहे, कशापासून काढले आहे, हे विचारणे राहून जाते.

अशा बाटल्यांत सध्या एक नाव ठळकपणे दिसते : अ‍ॅस्टाझँथिन. गडद लाल तेलाने भरलेली, डाळिंबाच्या दाण्यासारखी दिसणारी मऊ गोळी. तिला ‘अँटिऑक्सिडंटांचा राजा’ म्हणण्यापर्यंत जाहिरातींची मजल गेली आहे. ही गोळी विष नाही, संजीवनीही नाही. जैन कुटुंबाच्या दृष्टीने तिच्याविषयी दोन स्वतंत्र प्रश्न उभे राहतात. शरीराला तिचा उपयोग किती आणि धोका किती, हा पहिला. ती आपल्या आहारमर्यादेत बसते का, हा दुसरा. दोन्हींचा विचार शांतपणे व्हायला हवा.

लोणारचे गुलाबी पाणी

या गोळीचे शास्त्र समजून घ्यायला बुलढाणा जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. जून 2020 मध्ये लोणार सरोवराचे हिरवट पाणी एकाएकी गुलाबी झाले. कोणी त्याला चमत्कार म्हटले, कोणी अपशकुन. वन विभागाने पाण्याचे नमुने नागपूरच्या ‘नीरी’ आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. तपासणीत कारण निघाले ते सूक्ष्म जीवांचे. उन्हाळ्याने पाणी आटले, मिठाचे आणि क्षाराचे प्रमाण वाढले, आणि अशा खारट पाण्यातच फोफावणारे ‘हॅलोआर्किया’ नावाचे जीव मोठ्या संख्येने वाढले. त्यांच्या पेशींत लालसर रंगद्रव्य असते. त्यानेच सरोवर रंगले. पुढे परिस्थिती पालटली आणि रंगही ओसरला.

हे रंगद्रव्य कॅरोटिनॉइड कुळातले. पिकलेल्या आंब्याचा केशरी रंग, टोमॅटोची लाली, मक्याचा पिवळेपणा आणि लाल मिरचीचा तिखट रंग, हे सारे याच कुळातले. सजीवांमध्ये ही द्रव्ये केवळ शोभेची नसतात. प्रखर ऊन, क्षार, कोरडेपणा अशा ताणामुळे पेशींत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील कण तयार होतात व ते पेशीचे नुकसान करतात. कॅरोटिनॉइडे त्या कणांना निष्प्रभ करतात. या गुणालाच अँटिऑक्सिडंट म्हणतात, मराठीत ‘प्रतिऑक्सिडीकारक’.

अ‍ॅस्टाझँथिन हे लोणारच्या पाण्यातले रंगद्रव्य नव्हे, पण त्याच कुळातले आहे. ते मुख्यतः ‘हिमॅटोकॉकस’ नावाच्या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय शेवाळात तयार होते. हे शेवाळ एरवी हिरवे असते. पाणी आटू लागले, पोषण तुटले, ऊन वाढले की ते कवच धरते आणि आत लाल रंगद्रव्य साठवते. व्यावसायिक उत्पादनातही हेच केले जाते : आधी शेवाळ वाढवायचे, मग त्याला मुद्दाम उन्हाचा व उपासमारीचा ताण द्यायचा, लाल झाल्यावर वाळवून त्यातला अर्क काढायचा. समुद्रातील लहान जीव असे सूक्ष्म शेवाळ खातात, त्यांना कोळंबी व मासे खातात, आणि लाली एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाते. रोहित पक्ष्याच्या पिसांचा गुलाबी रंगही त्याच्या खाद्यातील कॅरोटिनॉइडांतूनच येतो.

नावाचा इतिहास जैन वाचकाने जाणून घेण्याजोगा आहे. 1938 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड कून आणि त्यांचे सहकारी सोरेन्सन यांनी हे द्रव्य लॉब्स्टर या कवचधारी जलचरापासून वेगळे केले. त्या जलचराच्या ‘अ‍ॅस्टाकस’ या तत्कालीन शास्त्रीय नावावरूनच ‘अ‍ॅस्टाझँथिन’ हा शब्द घडला. म्हणजे पदार्थाच्या नावातच त्याच्या एका मूळ स्रोताची खूण आहे. आजही तो केवळ शेवाळापासूनच येतो असे नाही, याचा विचार पुढे येईल.

फायदा : किती सिद्ध, किती सांगितलेला

‘व्हिटॅमिन सीपेक्षा सहा हजार पट प्रभावी’ हे वाक्य या गोळीच्या जाहिरातीत हमखास असते. ते पूर्णपणे खोटे नाही, म्हणूनच अधिक फसवे आहे. हा आकडा प्रयोगशाळेतील एका विशिष्ट चाचणीचा आहे : ऑक्सिजनच्या एका प्रकारच्या क्रियाशील रूपाला निष्प्रभ करण्याची क्षमता काचेच्या नळीत मोजली, तेव्हा तसे गुणोत्तर आले. माणसाच्या शरीरात गोळी पचते, तिचा थोडाच भाग रक्तात उतरतो, त्यातला काही यकृतात बदलतो. नळीतले सहा हजार पट शरीरात सहा हजार पट राहत नाही. शिवाय व्हिटॅमिन सी शरीराला अत्यावश्यक आहे. ते न मिळाल्यास स्कर्व्ही होतो. अ‍ॅस्टाझँथिन न मिळाल्याने कोणताही रोग होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी राहिलेल्या घरांनी ते जवळजवळ कधीच खाल्लेले नाही आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेले नाही.

माणसांवर झालेल्या अभ्यासांकडे पाहिल्यास चित्र माफक आशेचे दिसते. जपानमध्ये 61 व्यक्तींवर 12 आठवडे झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दररोज 6, 12 किंवा 18 मिलिग्रॅम मात्रा दिली गेली. 12 व 18 मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे ट्रायग्लिसराइड घटले. 6 व 12 मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, वाढले. एलडीएल, म्हणजे हृदयरोगाच्या दृष्टीने ज्याची सर्वाधिक चिंता केली जाते ते कोलेस्टेरॉल, मात्र बदलले नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या जपानी अभ्यासात 65 स्त्रियांनी 16 आठवडे 6 किंवा 12 मिलिग्रॅमची अथवा निव्वळ औषधहीन गोळी घेतली. औषधहीन गोळी घेणाऱ्यांच्या त्वचेतील ओलावा व सुरकुत्या ऋतुमानाने काहीशा बिघडल्या, तर अ‍ॅस्टाझँथिन घेणाऱ्यांच्या तेवढ्या बिघडल्या नाहीत. डोळ्यांचा थकवा आणि व्यायामानंतरची शिणवट यांवरही असेच लहान-लहान अभ्यास आहेत.

या अभ्यासांत भाग घेणारे थोडे, मुदत काही आठवड्यांची, आणि अनेकांमागे हा पदार्थ विकणाऱ्या कंपन्यांचा सहभाग. व्यापाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. माल विकणाऱ्याने दिलेला दाखला अगदीच टाकाऊ नसतो. पण त्यावरच सौदा होत नाही. हृदयविकाराचा झटका टळला, अर्धांगवायू टळला, मोतीबिंदू लांबला, आयुष्य वाढले असे दाखवणारा मोठा आणि दीर्घ मुदतीचा मानवी अभ्यास या गोळीच्या बाजूने उभा नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सांधे, दृष्टी, पेशींचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण अशा तिच्या अनेक दाव्यांची छाननी केली आणि कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही असा निर्णय दिला.

‘फायदा झाला तर झाला, तोटा तर नाही ना?’ हा विचारही सरसकट मान्य करता येत नाही. याच कुळातील बीटा-कॅरोटिनचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे. गाजर, आंबा, भोपळा खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, तेव्हा त्यातील बीटा-कॅरोटिन गोळीच्या रूपात द्यावे अशी कल्पना निघाली. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. 1994 मध्ये निष्कर्ष आला : दररोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के अधिक आढळला. अमेरिकेतील तसाच दुसरा प्रयोग 1996 मध्ये मुदतीपूर्वी थांबवावा लागला. अन्नातून येणारे तेच द्रव्य हितकारक वाटते आणि गोळीतून मोठ्या मात्रेने आलेले घातक ठरते, हे शास्त्रज्ञांनाही अनपेक्षित होते. अ‍ॅस्टाझँथिनविषयी असा कोणताही दोष आढळलेला नाही. परंतु ‘अँटिऑक्सिडंट म्हणजे निरुपद्रवी’ हे समीकरण त्या दिवशी मोडले, ते कायमचे.

शेगाव तालुक्याने दिलेला धडा

मात्रेचे महत्त्व बुलढाणा जिल्ह्याने अलीकडेच फार जवळून पाहिले. डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. डोके खाजू लागे, केस हातात येत, आणि काही दिवसांत टक्कल पडे. मुली, तरुण, म्हातारी माणसे, सगळेच त्यात होते. पहिला संशय पाण्यावर गेला. आरोग्य विभागाची पथके आली; भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तज्ज्ञही आले. रुग्णांच्या तपासण्यांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या प्रकरणाचा स्वतंत्र अभ्यास केला. त्यांनी 18 गावांतील 279 बाधितांची नोंद दिली आणि सेलेनियमचे प्रमाण अतिशय जास्त असलेला, बाहेरून आलेला गहू हे कारण असल्याचा निष्कर्ष मांडला.

या घटनेचा अ‍ॅस्टाझँथिनशी काही संबंध नाही. मग तिची आठवण येथे का? कारण सेलेनियम हेही शरीराच्या अँटिऑक्सिडंट व्यवस्थेतले एक मान्यवर द्रव्य आहे. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेझ या संरक्षक विकराचा तो घटक आहे; त्यावाचून ते विकर कामच करू शकत नाही. ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मिश्र गोळ्यांत तो हटकून असतो. प्रौढ माणसाची त्याची रोजची गरज सुमारे 55 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाख भागांपैकी 55 भाग. अमेरिकेतील तज्ज्ञांनी सुरक्षित कमाल मर्यादा 400 मायक्रोग्रॅम ठरवली; युरोपने 2023 मध्ये ती 255 वर आणली. गरज आणि धोका यांत इतके थोडे अंतर. कमी पडला तर दुर्बलता, अधिक झाला तर केस व नखे गळतात.

गोळी-औषधांच्या बाबतीतही हे घडलेले आहे. 2008 मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरक आहारात उत्पादनातील चुकीमुळे लेबलवर छापलेल्या प्रमाणाच्या सुमारे 200 पट सेलेनियम गेले. 201 लोक आजारी पडले आणि त्यांतील बहुतेकांचे केस गळले. त्यांनी सांगितलेली मात्राच घेतली होती. म्हणून पूरक आहार घेताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात : द्रव्य कोणते, आणि बाटलीत खरोखर किती. शेगावच्या गावांत ज्यांनी आरशात रिकामे डोके पाहिले, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही.

एक व्यावहारिक काळजी यातूनच निघते. अ‍ॅस्टाझँथिनच्या पुष्कळ गोळ्या एकट्या अ‍ॅस्टाझँथिनच्या नसतात. सोबत सेलेनियम, जस्त, व्हिटॅमिन ई, ल्युटिन असे मिश्रण असते. घरात आधीच मल्टिव्हिटॅमिनची गोळी चालू असेल, तर दोन्ही बाटल्यांवरील आकड्यांची बेरीज करावी. दुकानातल्या दोन वह्यांची उधारी एकत्र मांडल्याशिवाय खरी बाकी कळत नाही. येथेही तसेच आहे.

मात्रा आणि सावधगिरी

अ‍ॅस्टाझँथिनपुरते बोलायचे तर सुरक्षिततेचे चित्र समाधानकारक आहे. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पूरक आहारातून दररोज 8 मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा प्रौढांसाठी सुरक्षित मानली आहे. 14 वर्षांखालील मुलांना मात्र ती देऊ नये, कारण त्यांच्या वजनाच्या मानाने मर्यादा ओलांडली जाते. बाजारात 4 मिलिग्रॅमपासून 12 मिलिग्रॅमपर्यंतच्या गोळ्या मिळतात. ‘जास्त मिलिग्रॅम म्हणजे जास्त पैसे वसूल’ हा हिशेब येथे लागू नाही.

लेबल वाचताना एक बारकावा आहे. ‘हिमॅटोकॉकस अर्क 80 मिलिग्रॅम’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. अर्क दहा टक्क्यांचा असेल, तर त्यात अ‍ॅस्टाझँथिन भरते केवळ 8 मिलिग्रॅम. ढोबळ वजन आणि निव्वळ वजन यांतला हा फरक. चांदीच्या पेढीवर हा प्रश्न विचारणाऱ्याने गोळीच्या बाटलीवरही विचारावा. अर्काचे वजन दिले आहे आणि अ‍ॅस्टाझँथिनचे दिलेले नाही, अशी बाटली परत ठेवावी.

सामान्य मात्रेत दिसणारे परिणाम सौम्य असतात : शौचाला लालसर रंग येणे, क्वचित पोटात अस्वस्थता. परंतु काही जणांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नये. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असलेले रुग्ण, विशेषतः वॉरफॅरिन घेणारे, यांत पहिले. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे घेणारे दुसरे, कारण ही गोळी त्या औषधांच्या परिणामात भर घालण्याची शक्यता सांगितली जाते. गर्भवती आणि स्तनदा माता तिसऱ्या. त्यांच्यावर पुरेशा चाचण्या झालेल्या नाहीत. शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर डॉक्टरांना ‘औषधे कोणती’ या प्रश्नाचे उत्तर देताना पूरक गोळ्यांची नावेही सांगावीत. घरातली वडील मंडळी अशा गोळीला ‘औषध थोडेच आहे’ म्हणून सांगत नाहीत, आणि तिथेच घोटाळा होतो.

मोठा धोका मात्र गोळीत नाही. गोळीवरच्या विश्वासात आहे. व्यापारी घरांत बैठे काम, वेळी-अवेळी जेवण, दिवाळी-लग्नसराईतला ताण यांमुळे रक्तदाब आणि मधुमेह ठाण मांडून असतात. ‘ही नैसर्गिक गोळी सुरू केली, आता रोजची बंद करून पाहू’ असे म्हणून कोणी रक्तदाबाची गोळी थांबवली, तर त्याची किंमत अर्धांगवायूने चुकवावी लागू शकते. रक्तदाबावरील साध्या गोळीने झटका टळतो हे हजारो रुग्णांवर सिद्ध झालेले आहे, आणि ती या लाल गोळीच्या मानाने पुष्कळ स्वस्तही आहे. सिद्ध सोडून असिद्ध धरणे, हा व्यवहारही नव्हे आणि विवेकही नव्हे.

हिरवी खूण पुरेशी आहे का?

आता दुसरा प्रश्न. जैन घरासाठी तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

अ‍ॅस्टाझँथिन चार वाटांनी येते. हिमॅटोकॉकस शेवाळ ही पहिली. माणसांसाठीच्या बहुतेक चांगल्या गोळ्या आणि बहुतेक अभ्यास याच अर्कावरचे आहेत. एका प्रकारचे खमीर ही दुसरी. रासायनिक कारखान्यात बनलेले ही तिसरी. ते मुख्यतः मत्स्यशेतीतील माशांच्या खाद्यात जाते. क्रिल नावाचे कोळंबीसदृश समुद्री जीव व इतर कवचधारी जलचर ही चौथी. ‘क्रिल ऑइल’ असे लिहिलेली गोळी सरळ प्राणिजन्य आहे, तिच्यावर अ‍ॅस्टाझँथिन कितीही ठळक लिहिलेले असो.

आतला माल शेवाळाचा असला तरी बाहेरचे वेष्टन वेगळे असू शकते. मऊ गोळीचे पारदर्शक कवच परंपरेने जिलेटिनचे असते; जिलेटिन म्हणजे प्राण्यांची कातडी व हाडे उकळून काढलेला पदार्थ. त्याला पर्याय म्हणून स्टार्च व समुद्री शेवाळापासून बनवलेली कवचे, आणि कोरड्या भुकटीसाठी वनस्पतीच्या सेल्युलोजची कॅप्सूल उपलब्ध आहे. कवच मऊ राखण्यासाठी घातलेले ग्लिसरीनही वनस्पतिजन्य आहे की प्राणिजन्य, हे विचारण्याजोगे आहे. परदेशातून आलेल्या बाटलीवर भारतातली हिरवी-तपकिरी खूण असेलच असे नाही. तेथे घटकांची यादीच वाचावी लागते. ‘शेवाळापासून’ या शब्दांवर समाधान मानून जिलेटिनची गोळी गिळणारी शाकाहारी घरे असू शकतात, आणि त्यांचा दोष एवढाच की त्यांनी बाटली उलटी करून पाहिली नाही.

भारतात पूरक आहार हा औषध नसून अन्न मानला जातो, म्हणून त्यावर शाकाहाराची हिरवी वर्तुळाकार खूण किंवा मांसाहाराची तपकिरी त्रिकोणी खूण असावी लागते. ही मोठी सोय आहे. परंतु हिरव्या खुणेची कायदेशीर व्याख्या आणि श्रावकाची आहारमर्यादा एक नाहीत. कायद्याने दूध व दुग्धजन्य पदार्थांप्रमाणेच मध, मधमाशांचे मेण आणि लाखेपासूनचे शेलॅक यांनाही मांसाहारी व्याख्येतून वगळले आहे. मऊ गोळीतील तेल दाट ठेवण्यासाठी मधमाशांचे मेण वापरण्याची रीत या उद्योगात आहे. म्हणजे हिरवी खूण असलेल्या गोळीतही ते असू शकते. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग ज्या घराने केला आहे, त्याने घटकांच्या यादीत हे शब्द शोधलेच पाहिजेत.

आणि शेवाळाचे काय? बाजाराच्या भाषेत शेवाळ म्हणजे शुद्ध शाकाहार. जैन दर्शनात मात्र वनस्पतिकायाचा विचार फार सूक्ष्म आहे. शांतिसूरींच्या ‘जीवविचार प्रकरणा’त साधारण वनस्पतिकायाची, म्हणजे एका शरीरात अनंत जीव मानलेल्या वनस्पतींची, उदाहरणे देताना कंदांच्या बरोबरीने शेवाळाचाही उल्लेख येतो. कांदा, लसूण, बटाटा टाळणाऱ्या घराला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे : कंद वर्ज्य, तर वाळवलेल्या शेवाळाचा अर्क ग्राह्य कसा? आजारपणात औषध म्हणून घेणे आणि निरोगी माणसाने कांतीसाठी घेणे, यांतही फरक आहे. त्याचा निर्णय कोणत्याही जाहिरातीने किंवा आरोग्य-सदराने देण्याचा नाही. ज्याने नियम घेतला आहे, त्याने आपल्या परंपरेतील साधु-साध्वींना संपूर्ण माहितीसह विचारावे. ‘हिरवी खूण आहे’ एवढेच न सांगता ‘पाण्यातल्या शेवाळाचा अर्क आहे, कवच अमुक आहे, तेल अमुक आहे’ असे सांगून विचारावे. अर्ध्या माहितीवर घेतलेली अनुज्ञा खरी अनुज्ञा ठरत नाही.

व्रतांच्या दिवसांचाही विचार हवा. हे द्रव्य तेलात विरघळते, म्हणून स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर ते अधिक शोषले जाते. चौविहार पाळणाऱ्याने घ्यायचीच असेल तर ती दिवसाच्या जेवणाबरोबर घ्यावी. झोपताना घेण्याचे काही विशेष प्रयोजन नाही. आयंबिलात तेल-तूप वर्ज्य असते आणि गोळीच्या आत तेलच असते. त्या दिवशी ती सोडलेलीच बरी. उपवास, अठ्ठाई किंवा वर्षीतपात अशी गोळी थांबवल्याने शरीराची काही हानी होत नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा थायरॉइडच्या औषधांचे मात्र तसे नाही. त्यांच्याविषयी तप सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घ्यायचीच असेल तर

ज्या घराने विचारांती ही गोळी घेण्याचे ठरवले असेल, त्याने बाटली हातात घेऊन पुढील गोष्टी तपासाव्यात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक आहे का. ‘औषधी उपयोगासाठी नाही’ ही सूचना छापलेली आहे का. ती असूनही विक्रेता रोग बरा होण्याची हमी देत असेल, तर तो स्वतःच्याच लेबलच्या विरुद्ध बोलत आहे. स्रोत स्पष्ट लिहिला आहे का. एका गोळीत अ‍ॅस्टाझँथिन किती मिलिग्रॅम. कवच कशाचे. सोबत आणखी काय मिसळले आहे. उत्पादनाची व मुदतीची तारीख कोणती.

साठवणही महत्त्वाची. हे द्रव्य ऊन, उष्णता आणि हवा यांनी लवकर बिघडते. खामगाव-मलकापूरच्या उन्हाळ्यात गल्ल्यावर, खिडकीत किंवा मोटारीत राहिलेली बाटली महिन्याभरात किती गुण राखील, याचा अंदाज कोणालाही करता येईल. गडद रंगाची, घट्ट झाकणाची बाटली घरातल्या थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवावी. गोळीचा रंग आकर्षक असल्याने मुलांच्या हाती ती लागू देऊ नये.

ताटातले रंग

अखेरीस प्रश्न उरतो तो गरजेचा. कॅरोटिनॉइडांसाठी शेवाळाकडेच जावे लागते असे नाही, आणि जैन घराला त्यासाठी गाजर किंवा रताळेही लागत नाही. लाल भोपळा, पपई, टोमॅटो, पिवळा मका, लाल मिरची, आर्द्रा नक्षत्रापर्यंतचा आंबा, आणि ज्या दिवसांत पालेभाजी चालते त्या दिवसांत मेथी, पालक, शेवग्याचा पाला, हे सारे याच रंगकुळातले आहे. त्यांवर चमचाभर तूप किंवा तेलाची फोडणी पडली की शोषण वाढते, हे स्वयंपाकघराला शास्त्राच्या आधीपासून माहीत आहे. या पदार्थांत अ‍ॅस्टाझँथिन नसेल. पण बीटा-कॅरोटिन, ल्युटिन यांसारखी द्रव्ये अन्नाच्या मापात, तंतूंसह आणि अल्प खर्चात मिळतात. सूर्यास्तापूर्वीचे जेवण, मर्यादित मीठ-साखर, तंबाखूपासून दूर राहणे आणि दुकान बंद केल्यावर अर्धा तास चालणे यांच्या जोडीला हे ताट असेल, तर त्या घराने अँटिऑक्सिडंटांची मोठी तरतूद आधीच केलेली आहे.

अपरिग्रहाचा विचार फक्त तिजोरीपुरता नसतो. औषधाच्या कपाटालाही तो लागू आहे. गरज नसलेली गोळी हा एक लहानसा परिग्रहच. ज्याला डॉक्टरांनी कारण पाहून ती सुचवली आणि ज्याच्या नियमांत ती बसते, त्याने ती योग्य मात्रेत, निःशंक मनाने घ्यावी. इतरांनी बाटली उघडण्यापूर्वी ती एकदा उलटी करून वाचावी. टंच पाहण्याची सवय या घरांच्या हाडीमासी आहेच. ती फक्त पेढीवरून घरातल्या कपाटापर्यंत आणायची आहे.